ओल्या पायाचं कार्पेट

लालबागच्या चाळीत ‘कार्पेट’ म्हटल्यावर ज्याच्या डोळ्यांसमोर लोकरीचा, झालरीचा गालिचा येतो, त्याने आधी चपला काढून एकदा आत यावं. इथे कार्पेट म्हणजे प्लास्टिकचं. ते गुंडाळीतून फुटावर कापून मिळतं आणि शहाबादी लादीचे खड्डे नि घरातल्यांची अब्रू दोन्ही झाकतं. कुणाकडे त्यावर फुलं असतात, कुणाकडे लाकडाच्या फळ्या छापलेल्या, तर एखाद्या हौशी घरात थेट संगमरवर. गणपती जवळ आले की चाळीतल्या बायकांना सगळ्यांना एकदमच आपल्या जमिनीची लाज वाटायला लागते आणि घरोघरच्या जुन्या गुंडाळ्या गॅलरीत येऊन उभ्या राहतात.

परबांच्या घरात ही लाज फार उशिरा आली. त्यांचं कार्पेट जगदीशच्या लग्नात घातलेलं, आणि जगदीशची मुलगी श्रेया आता कॉलेजात जाते. मूळ रंग चॉकलेटी होता असं जुने लोक सांगत. उंबऱ्यापाशी जोडावर ठोकलेली पट्टी वर आली होती. कपाटासमोर धूपाचा निखारा पडून भोक पडलं होतं, त्यावर जगदीशच्या आईने, म्हणजे गंगुबाईने, ठिगळ चिकटवलं होतं. आणि कोपऱ्याच्या अलीकडे एक चांगला पाटाएवढा उंचवटा होता. तिथे गंगुबाईची शिलाई मशीन असायची. मशीनच्या धडधडीने खालच्या मजल्यावरची कालिंदीकाकू भांडायला यायची, म्हणून गंगुबाईने कार्पेटखाली आणखी एक दुहेरी तुकडा सरकवला होता. पुढे मशीन भाचीकडे गेली, गंगुबाईही गेली, तुकडा मात्र तिथेच राहिला.

“बाबा, यंदा हे काढायचं,” सकाळच्या चहाला दीपिकाने जाहीर केलं. दीपिका म्हणजे सून. “काल त्या पट्टीत माझं बोट अडकलं. गणपतीला एवढी माणसं येणार, कुणी तोंडावर पडलं तर?”

“काढा की,” जगदीशचा बाप गुणाजी म्हणाला. “मी कधी नको म्हटलंय?”

म्हणाला खरा, पण चहा कडू लागला. कारण ते फाटकं, उसवलेलं कार्पेट होतं म्हणून गुणाजी परब आपल्या घरात डोळस माणसासारखा वावरत होता.

त्याच्या उजव्या डोळ्याने केव्हाच पाठ फिरवली होती. डाव्याला नळीतून बघितल्यासारखं मधलं तेवढं दिसे, तेही उजेड चांगला असला तर. जमिनीकडे बघावं तर समोरची माणसं जायची, माणसांकडे बघावं तर जमीन जायची. डोळ्यांच्या शिबिरात तो एकटाच जाऊन आला होता. डॉक्टरीणबाईंनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नाही, आहे ती सांभाळू, आणि पुढच्या वेळी घरच्या कुणाला तरी घेऊन या, असं बजावलं. गुणाजीने घरी येऊन सांगितलं, “चष्म्याचा नंबर वाढलाय,” आणि थेंबांची बाटली पानाच्या डब्यात लपवली. पुढच्या वेळी तो गेलाच नाही.

आता कुणी म्हणेल, घरच्यांपासून काय लपवायचं? मुलगा चांगला, सून चांगली, नात जीव लावणारी. पण अडचण नेमकी तीच होती. शेजारच्या शामरावांना अर्धांगाचा झटका आला, तेव्हा त्यांच्या मुलांनी त्यांना प्रेमानेच बाजूला खुर्चीवर बसवलं. प्रेमानेच त्यांच्या हातातून गणपती काढून घेतला. आता आरतीला शामराव खुर्चीवर बसून टाळी वाजवतात, तीही एकाच हाताने, मांडीवर. गुणाजीला ते बघवत नसे.

परबांच्या घरची रीत अशी, की कारखान्यातून मूर्ती कुणीही आणो, जिन्याने कुणीही चढवो, उंबऱ्यावर ती घरातल्या कर्त्या पुरुषाने हातात घ्यायची. घरातली सवाष्ण त्याच्या पायांवर पाणी घालते, भाकरतुकडा ओवाळून टाकते, आणि तो ओल्या पावलांनी खोली ओलांडून मखरात देव बसवतो. गुणाजीच्या बापाने ते केलं, बापामागे गुणाजीने. मिल बंद पडली त्या वर्षीही केलं, गंगुबाई गेली त्या वर्षीही केलं. हातात मूर्ती असली की पायाखालचं धडधाकट माणसालाही दिसत नाही. गेली दोन वर्षं गुणाजी पायांनीच बघत होता. पट्टी लागली की आपण आत आलो. ठिगळ लागलं की उजवीकडे कपाट, जरा डावीकडे व्हायचं. गंगूचा उंचवटा लागला की थांबायचं, समोर मखर. आता ही तिन्ही जायची होती, आणि भरल्या घरात गुणाजीच्या हातातून देव पडला तर त्याने पुन्हा तोंड कुठे दाखवायचं?

तरी कार्पेट निवडायला मुलगा-सून दादरला निघाले तेव्हा तोही निघाला. त्याला न नेणं शक्यच नव्हतं. मिलच्या फोल्डिंग खात्यात त्याने उभी हयात कापड तपासण्यात घालवली होती, आणि बाबांच्या बोटांना माल कळतो, अशी घरात त्याची ख्याती होती. या ख्यातीचा अलीकडे त्याला फार उपयोग होई. तो भाजी चाचपायचा, भिंत चाचपायचा, कपाटाची कड चाचपायचा, आणि लोकांना वाटायचं, म्हातारा पारख करतोय.

दुकानात गुंडाळ्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. दुकानदाराने एक चकचकीत गुंडाळी पुढ्यात उलगडली. “ये देखो साहब, एकदम वुडन फिनिश. आज का सबसे जास्ती चलनेवाला माल.”

“मस्त आहे हो बाबा,” जगदीश म्हणाला. “घर एकदम फ्लॅटसारखं वाटेल.”

गुणाजी उकिडवा बसला. कोपरा दुमडला, दुमडीवर अंगठा दाबला आणि नख फिरवलं. नखाला बारीक चीर लागली. मग उलट्या बाजूवर बोट घासलं, ते दुसऱ्या बोटावर चोळलं. पिठी आली.

“जगू, ह्यात प्लास्टिक कमी नि खडूच जास्त. दिवाळीपर्यंत दुमडीवर चिरेल. दुसरं दाखवा.”

दुसरं आलं, तिसरं आलं. एकाच्या पाठीला फोम होता, पण दाबला की दबलेलाच राही. एकाला असा वास, की घरात शिजलेल्या मोदकांचा वास कुणाला आला नसता. दुकानदाराचा चेहरा आखडायला लागला. शेवटी एक जाड, खरखरीत, पाठीला नमदा, म्हणजे दाबलेल्या धाग्यांचा थर, लावलेलं पुढ्यात पडलं. दुमडलं तर चीर नाही, घासलं तर पिठी नाही. गुणाजीने चपला काढल्या.

“पाणी आहे काय जरा?”

“हां काका, थंडा मंगवाता हूं.”

“प्यायला नको हो. पायावर घ्यायला.”

दुकानदाराने जगदीशकडे पाहिलं, जगदीशने छताकडे. दीपिकाने मात्र पिशवीतली बाटली काढली आणि सासऱ्याच्या पावलांवर थोडं थोडं पाणी ओतलं. ओल्या पायांनी गुणाजी आधी त्या फ्लॅटवाल्या चकचकीतावर उभा राहिला आणि सटकन सरकला. जगदीशने दंड धरला म्हणून बरं. मग तो खरखरीतावर उभा राहिला. टाच दाबली, चवडा दाबला, पाऊल वळवलं. पाऊल धरून राहिलं.

“हे घ्यायचं,” तो म्हणाला. “देवाला घेऊन माणूस ओल्या पायांनी आत येतो. तुमच्या फळ्यांवरून तो देवासकट गॅलरीत जाईल.”

दुकानदार मनापासून हसला. “काका, बीस साल में ऐसा गिराक पहली बार देखा. सब लोग डिझाईन देखते हैं.”

“रंगही बरा आहे,” गुणाजी म्हणाला. कौतुकाने माणूस सैल होतो, तसा तो झाला होता. “चॉकलेटी. आपल्या जुन्यासारखाच.”

जगदीशने गुंडाळीकडे पुन्हा पाहिलं.

“चॉकलेटी?” जगदीश म्हणाला. “बाबा, हिरवा आहे हा. पार शेवाळी!”

गुणाजीच्या कानशिलांतून गरम वाफ निघाली. काही तरी बोलायला त्याने तोंड उघडलं, पण दीपिका आधीच गुंडाळीचं टोक उचलून उजेडाकडे धरत होती. “ह्या ट्यूबखाली मलाही चॉकलेटीच वाटला,” ती म्हणाली. “हिरवाच घेऊ. मखराला उठून दिसेल.” आणि विषय तिथेच मिटला. गुणाजीचा जीव भांड्यात पडला.

रविवारी फिटर आला. त्याने जुनं कार्पेट टराटरा ओढून काढलं, पट्टी उपटली, गंगुबाईचा दुहेरी तुकडा खरवडून काढला आणि लादी पुसून नवं कार्पेट पसरलं. कडेने चिकटपट्टी मारून तो गेला. जुनी गुंडाळी भंगारवाल्याला द्यायला जगदीश निघाला होता, तर दीपिकाने ती माळ्यावर टाकायला लावली. काय काय साठवून ठेवतेस, म्हणून तो वैतागला.

घर कसं नवं झालं! कालिंदीकाकू खालून मुद्दाम बघायला आली आणि नाकाला पदर न लावता गेली, म्हणजे तिला आवडलं. घरात कुणी नाही असं बघून गुणाजी उंबऱ्यावर उभा राहिला. मूर्तीऐवजी शोभेचा देव्हारा छातीशी धरला आणि चालायला लागला. पायाखाली सगळीकडे सारखंच. आपण किती आत आलो, ते कळेना. जरा डावीकडे होऊ म्हणाला, आणि खांदा कपाटाशेजारच्या फ्रिजवर आदळला. म्हणजे तो उजवीकडेच गेला होता. ज्या खोलीत त्याचा जन्म गेला, त्या खोलीत तो वाट चुकला होता. देव्हारा खाली ठेवून तो तिथेच बसला आणि नव्या कार्पेटवर हात फिरवत राहिला. माल उत्तम होता. त्यानेच तर निवडला होता.

गणपतीच्या आदल्या दिवशी मोदकांसाठी नारळ खवत सगळी बसली होती, तेव्हा त्याने विषय काढला.

“यंदा आत जगूनेच आणू दे. माझी कंबर धरलीय.”

जगदीश लगेच हळवा झाला. “चालेल बाबा. मी म्हणणारच होतो. तुम्ही आता आराम करा, खुर्चीवर बसून बघा मस्त.”

खुर्ची हा शब्द गुणाजीच्या काळजात रुतला.

“काही नको,” दीपिका खवणीवरून मान वर न करता म्हणाली. “कंबरेला काय झालंय? काल नाक्यापर्यंत चालून आलात. उंबऱ्यावर तुम्हीच घ्यायचा.”

“अगं, दुखतेय म्हणताहेत ते,” जगदीश म्हणाला.

“बाम लावते. पण गणपती बाबाच आणणार. मी पाय धुणार ते बाबांचे.”

गुणाजीला तिचा असा राग आला, की काय सांगावं. हिला काय माहीत! उद्या भलतंसलतं घडलं तर हिच्याच हट्टापायी घडेल. पण तो बोलला नाही, कारण बोलायचं तर सगळंच बोलावं लागलं असतं. आणि खरं सांगायचं तर आत कुठेतरी त्याला बरंही वाटलं होतं. या घरात अजून एक माणूस होतं, ज्याला तो खुर्चीवर नको होता.

चतुर्थीला सकाळी जगदीश, श्रेया आणि तो कारखान्यात गेले. दीपिका घरात थांबली. वाटेत त्याने दोनदा ठरवलं, आता सांगून टाकू. पण जगदीश लहानपणीसारखा मूर्तीच्या तोंडावरच्या रुमालाला जपत होता, श्रेया मोबाईलवर शूटिंग करत होती, आणि गल्लीत ढोल असा चालला होता, की ओरडून सांगावं लागलं असतं. डोळे गेल्याचं कुणी ओरडून सांगतं काय?

जिना चढून जगदीशने मूर्ती वर आणली आणि उंबऱ्यावर बापाच्या हातात दिली. शाडूचं गार वजन छातीशी आलं आणि गुणाजीने ते घट्ट धरलं. समोर खोलीत माणसं होती, म्हणजे आवाज होते. जमीन नव्हतीच.

दीपिका खाली वाकली. तांब्यातलं पाणी पावलांवर आलं. भाकरतुकडा ओवाळला गेला. उठताना ती त्याच्या कानाशी इतकंच म्हणाली, “बाबा, घाई नको. पायांना कळेल.”

त्याने उजवं पाऊल आत टाकलं.

पट्टी लागली.

तो थबकला. नव्या, जाड कार्पेटच्या खाली, उंबऱ्याच्या आत, जिथे ती नेहमी असायची तिथेच. त्याने ओला चवडा त्यावर दाबून पाहिला. होती. तो पुढे सरकला. थोड्या वेळाने डाव्या पावलाला ठिगळ लागलं, हाताच्या पंजाएवढं, कपाटासमोर. तो जरा डावीकडे झाला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते पुसायला हात मोकळे नव्हते आणि त्याने बिघडतही नव्हतं काही. लोकांना वाटलं, म्हातारा भक्तीने गहिवरला. पावलं कार्पेटला धरून होती, कुठे सरकत नव्हती. मग दोन्ही पायांखाली गंगूचा उंचवटा आला, दुहेरी, पाटाएवढा. गुणाजी त्यावर उभा राहिला, हात पुढे केले आणि देव मखरात बसवला. घर दणाणून गेलं, “मंगलमूर्ती मोरया!”

दुपारी पंगत उठली, पाहुणे पांगले. मोरीपाशी दीपिका भांडी विसळत होती, तिथे तो जाऊन उभा राहिला.

“कधीपासून माहीत होतं गो तुला?”

“गेल्या दिवाळीच्या आधीपासून. मी चहा दिला की तुम्ही कपाकडे बघत नाही. माझ्या बांगड्यांच्या आवाजावर हात पुढे करता.” ती भांडी विसळतच होती. “तुम्ही कारखान्यात गेलात तेवढ्यात माळ्यावरची गुंडाळी काढली. आईंचा तुकडा नि पट्टी आतमध्येच गुंडाळून ठेवली होती. ठिगळ कापून घेतलं आणि तिन्ही जिथल्या तिथे नव्याखाली सरकवली.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही कुठे बोललात?” आता ती वळली. आवाज जरा ओला, जरा रागाचा होता. “थेंब वेळेवर घालत नाही तुम्ही, पानाच्या डब्यातली बाटली भरलेलीच असते. विसर्जन झालं की आपण दोघं डॉक्टरकडे जायचं. आणि ह्यांना तुम्ही सांगायचं. मी सांगणार नाही.”

“सांगतो गो. बघून सांगतो.”

“बघून म्हणे,” दीपिका म्हणाली, आणि दोघांनाही हसू आलं.

पण बघायला सवड मिळाली नाही. मखराच्या बाजूने जगदीशचा आवाज आला, “ही काय फिटिंग आहे! हा बघा फुगवटा. इथे पण! बाबा, एवढं पारखून घेतलेला माल, आणि एका आठवड्यात फुगला? ह्या फिटरला फोन लावतो. नाहीतर मीच चीर देऊन बसवतो.” गुणाजी बाहेर आला. मखरासमोर जगदीश गुडघ्यांवर बसल्यासारखा वाटत होता. हातात काही तरी चमकलं. श्रेयाने मखरासाठी आणलेला कटर.

“राहू दे जगू. माल चांगला आहे.”

“चांगला काय, पाय अडकेल कुणाचा! एक बारीक चीर देतो, हवा निघेल.”

“हवा नाय ती.”

“मग काय आहे?”

मोरीपाशी भांड्यांचा आवाज थांबला. आता काहीही सांगता आलं असतं. लादी वर आली असेल, फिटरला उद्या बोलावू, सणाच्या दिवशी कापाकापी नको. गुणाजीने खाली हात टेकला, चाचपत मुलाच्या मनगटापर्यंत नेला आणि ते धरलं.

“कापू नको रे ता. माझी वाट आसा ती.” घरातली बोली आपसूक तोंडी आली. “माका दिसणा नाय, जगू. दोन वर्षां झाली. एक डोळो गेलो, दुसरो चललो.”

कटर बंद केल्याचा आवाज झाला. आता तो म्हणेल, बाबा, तुम्ही बसा. आता खुर्ची येईल, अशी गुणाजी वाट बघत राहिला.

जगदीश उठला आणि दाराकडे गेला. उंबऱ्याबाहेर उभा राहून त्याने पायांतले मोजे काढले.

“काय करतोयस?” दीपिकाने विचारलं.

“डोळे मिटलेत,” तो म्हणाला. “कुणी मध्ये येऊ नका.”

तो चालायला लागला. पट्टीवर थांबला, पुढे झाला. ठिगळापाशी चुकला, कपाटावर आपटला, पुन्हा मागे येऊन पायाने चाचपत ते शोधलं. हळूहळू तो बापाजवळ आला. त्याची पावलं उंचवट्यावर चढली आणि तिथेच थांबली. एक पाऊल आपोआप पुढे-मागे हललं, लहानपणी आईच्या मांडीला टेकून पायपट्टीवर तिच्या पावलाशेजारी ठेवायचा, तसं.

“आईची मशीन,” जगदीश म्हणाला.

“होय,” गुणाजी म्हणाला. “पुढच्या वर्षी उंबऱ्यावर तू माझ्या मागे उभा राहा. मूर्ती मीच घेणार.”